गाडीपुढे कुणी चालायचं

एप्रिलच्या आठ तारखेला, भर दुपारी, अंबादासच्या पिकअपने उतारावर पहिल्यांदा किंकाळी फोडली. त्याचा पहिला संशय गाडीवर गेला नाही. मागे गोणींवर बसलेल्या बायकोवर गेला.

"काय सोडलंस गं?"

"मी काही नाही सोडलं," सोनूबाई मागून म्हणाली. "गाडीच बोलली."

मैत्री नगर विक्रोळीच्या टेकडीवर एकावर एक रचत गेलेलं आहे. खालच्याचा पत्रा तो वरच्याचा ओटा. अशा वस्तीत कुणी ना कुणी बारा महिने भिंत पाडत किंवा चढवत असतो, आणि त्यावर अंबादासचं घर चालतं. वर जाताना सिमेंट, विटा, लाद्या. खाली येताना राबिट, म्हणजे पाडलेल्या भिंतींचा कचरा. घमेल्याने गोणी भरायच्या सोनूबाईने, त्या उचलून फाळक्यावरून आत ढकलायच्या दोघांनी. राबिटमधल्या चुन्याने तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. भाजीत तिखट घालायची वेळ आली की ती मुलीला, माधुरीला, हाक मारायची.

अंबादासने गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला. चाकातून धग येत होती. लोखंड जळाल्यासारखा वासही.

"ब्रेकचे पॅड गेलेत," सोनूबाई म्हणाली.

"कशावरून?"

"मागे गेले होते तेव्हा असाच आवाज यायचा."

"मागचा आवाज जरा जाड होता."

सोनूबाईने पुढे वाद घातला नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की नवऱ्याला एखादी गोष्ट पटायची असेल तर ती कुणी सांगितलेली नसावी लागते. हा माणूस गॅसचा सिलिंडर दारात ताणकाट्याला टांगून बघायचा आणि मग ताणकाटा खरा आहे का ते बघायला दोन किलोची साखर टांगायचा. साखरेवर त्याचा विश्वास होता असं नाही, पण कुठेतरी थांबावं लागतं. पलंगाखाली एका खोक्यात गाडीचे बारा वर्षांचे जुने पार्ट होते. मिस्त्रीने बदललेला प्रत्येक पार्ट तो मागून घ्यायचा. खरंच बदलला याचा पुरावा. पुरावा कुणाला दाखवायचा होता ते ठरलेलं नव्हतं.

संध्याकाळी प्रबुद्ध आला. जयंती मंडळाचा सेक्रेटरी, तिशीचा, बँकेत नोकरी. बाहेरच बूट काढत म्हणाला, "जय भीम, काका. आज दुपारी गाडीचा आवाज विहारापर्यंत आला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ध्यानाला बसलेल्या बायका उठल्या."

चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो त्याच्या पिकअपवर बसतो, याला अकरा वर्षं झाली होती. विहारापासून खाली मेन रोडपर्यंत मिरवणूक जाते. पुढे लेझीम घेतलेली पोरं, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बायका, त्यांच्या मागे माणसाच्या चालीने उतरणारी गाडी. म्हणजे गाडी आणि मेन रोड यांच्यामध्ये सगळं मैत्री नगर चालत असतं. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, अंबादास आपली अख्खी वस्ती खाली उतरवायचा. वर्षातून त्या एका दिवशी त्याला सगळे 'अंबादासभाऊ' म्हणायचे. बाकीच्या दिवशी 'राबिटवाला'.

"माझ्या मेव्हण्याचा टेम्पो आहे," प्रबुद्ध म्हणाला. "नवाकोरा. देतो म्हणतोय."

"मी मागितला?"

"तसं नाही. पोरं पुढे चालतात, काका. कमिटीचं म्हणणं, तेरा तारखेला दुपारी सगळ्यांसमोर ट्रायल द्या. चंद्रप्रकाश मिस्त्रीच्या पद्धतीची. गाडी थांबली तर तुमचीच गाडी. शब्द."

तो गेल्यावर अंबादासने दार लोटून घेतलं. "मेव्हण्याचा टेम्पो नवा आहे. ह्याला आवाज आजच बरा ऐकू आला."

"अहो, आवाज मलाही आला," सोनूबाई म्हणाली. "मला कुठे मेव्हणा आहे?"

*

चंद्रप्रकाशच्या पद्धतीची ट्रायल सगळ्या टेकडीला माहीत होती. उताराच्या पायथ्याशी जांभळाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज. माणूस साठीचा, मालवणचा. बाप गिरणीत होता, हा पान्यात पडला. गॅरंटीचा कागद तो देत नसे. ब्रेकचं काम केलं की गाडी माल भरून वर न्यायची, मालकाने चालवत खाली आणायची, आणि हा गाडीपुढे चार हातांच्या अंतरावर, पाठ करून, हात मागे बांधून चालणार. मागे वळून बघणार नाही. पायथ्याला पोचला की म्हणायचा, "झाला." एवढीच गॅरंटी. तीस वर्षांत तिच्याबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती.

"पॅड त्यालाच आणायला सांगा," सोनूबाई म्हणाली.

"दुकानदाराकडून कमिशन खातो तो."

"बघितलंत खाताना?"

"दिसेल असं खाईल का?"

"बारा वर्षं तुमची गाडी करतोय. एकदा तरी दगा दिला?"

"तेच तर म्हणतो," अंबादास म्हणाला. "बारा वर्षं दगा न देणारा माणूस कशाची वाट बघतोय?"

माधुरी कोपऱ्यात कॉलेजची वही घेऊन बसली होती. ती वहीत तोंड घालून हसली.

"हसू नकोस. विहारात काय शिकवतात? कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. स्वतः तपासायचं."

"तपासायला सांगितलंय, पप्पा. सगळे चोर आहेत असं धरून चालायला नाही."

"धरून चाललं की तपासायला सोपं जातं," अंबादास म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बसने कुर्ल्याला गेला.

स्पेअरपार्टच्या गल्लीत तो तिसऱ्या दुकानात शिरला. पहिल्यात गर्दी होती, म्हणजे स्वस्त मिळत असणार, म्हणजे माल वाईट. दुसऱ्यात चिटपाखरू नव्हतं. त्याचंही काही कारण असणारच. तिसऱ्यात एकच गिऱ्हाईक होतं आणि ते भांडत होतं. ही जागा अंबादासला प्रामाणिक वाटली.

भांडणारा गेल्यावर काउंटरमागच्या हर्षदने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "बोला शेठ."

अंबादासने गाडीचं मॉडेल सांगितलं, वर्ष सांगितलं, आणि खिशातून जुना पॅड काढून काउंटरवर ठेवला. पलंगाखालच्या खोक्यातला. हर्षदने तो हातातही न घेता मागच्या फळीवरून तीन खोकी काढून ओळीने मांडली.

"हा साधा. हा मधला. हा कंपनीचा."

"ह्यात ओरिजिनल कुठला?"

"तिन्ही. ज्याच्या नावाचा डबा, त्याचाच माल."

"डुप्लिकेट नाही ठेवत?"

"ठेवतो ना. मागणाऱ्याला देतो. तुम्हाला देऊ?"

खोटं बोलणाऱ्याशी कसं वागायचं ते अंबादासला ठाऊक होतं. हा माणूस खरं बोलत होता, आणि त्यावर त्याच्याकडे तोड नव्हती.

"हा स्टिकर बघा," हर्षदने कंपनीचं खोकं फिरवलं. "खरवडा, नंबर निघेल. मोबाइलवरून पाठवा. माल खरा की खोटा, कंपनी सांगेल."

"आणि ज्याने खोटा स्टिकर छापला, त्याने नंबरही आपलाच छापला असेल तर?"

हर्षदने चष्मा परत कपाळावर नेला. "शेठ, मग तुम्ही पॅड घेऊ नका. पाय लावून थांबवा."

अंबादासने खोकी उघडली. एकेक पॅड तळहातावर जोखला, नखाने ओरखडला, नाकाला लावला. तिन्हींना सारखाच वास होता, काळा. मग त्याने डोकं चालवलं. साधा माल स्वस्त. स्वस्त का असतो ते सांगायला नको. महागाची नक्कल करण्यात फायदा, म्हणून नकली माल सगळा महागाच्याच खोक्यात असणार. उरला मधला. मधल्याची नक्कल करायच्या फंदात कोण पडेल?

"मधला द्या. हा नको, वरचा आहे. खालचा काढा."

हर्षदने तळातून खोकं ओढलं.

"हा फार दिवस पडून आहे का?"

"तुम्ही सांगा, कुठला काढू."

शेवटी मधल्या किमतीचं, थप्पीच्या मधलं खोकं ठरलं. पिशवीत घालताना हर्षदने सहज विचारलं, "मिस्त्री कोण तुमचा?"

"का?"

"चांगला असला तर तिन्ही चालतील. नसला तर एकही नाही."

बसमध्ये अंबादासने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. दुकानदाराने मिस्त्रीचं नाव विचारलं. म्हणजे दुकानदाराला मिस्त्रीशी काहीतरी घेणंदेणं. कमिशनचा ह्याहून मोठा पुरावा काय हवा?

*

आता प्रश्न एवढाच होता की चंद्रप्रकाशने हेच पॅड लावले, मधल्यामध्ये बदलले नाहीत, हे कळायचं कसं. खूण करायला हवी. लाल रंग लावला तर बदमाशाला आधीच दिसणार. मागच्या लोखंडी पत्र्यावर ओरखडा मारला तर पहिल्यांदा तो तिथेच बघणार. खूण अशी हवी की आपल्याला कळेल, दुसऱ्याला दिसणार नाही.

बारा तारखेला सकाळी माधुरी कॉलेजला गेल्यावर त्याने आरशापुढची तिची नेलपॉलिशची बाटली उचलली. तिच्याकडे चार होत्या. ह्यातली बिनरंगी होती, नुसती पाण्यासारखी. उंबऱ्यात उजेडाला बसून, जाड बोटांत तो केसाएवढा ब्रश धरून, अंबादासने पहिल्या पॅडच्या काळ्या खरखरीत तोंडावर फुली मारली. फुंकर घातली. पॅड तिरपा धरला. फुली दिसेना. पॅडने ती पिऊन टाकली होती.

त्याने दुसऱ्यांदा मारली. मग तिसऱ्यांदा, जरा जाड. चमक आली खरी, पण आता ती फुली आहे असं म्हणवेना. अर्धवट खूण म्हणजे भांडणाला जागा. शेवटी त्याने सगळं तोंडच सारवलं. एकसारखं, कडेपर्यंत, दोन हात. चारही पॅडना. बाटली तळाला गेली. उन्हात तिरपे धरले की पॅड ओल्या बोंबलासारखे चकाकायचे, आणि सरळ धरले की नव्या मालासारखे. अंबादास स्वतःवर खूश झाला. असं क्वचित व्हायचं, कारण स्वतःवरही त्याचा फारसा विश्वास नव्हता.

गॅरेजमध्ये चंद्रप्रकाश एका रिक्षाखाली आडवा होता. बाहेर आला, अंबादासच्या हातातलं खोकं त्याने बघितलं आणि बोटं फडक्याला पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

"पॅड आणलंस?"

"जाता जाता दिसले."

"कुर्ल्याक जाता जाता," चंद्रप्रकाश म्हणाला. "बरा. आण हय."

त्याने जॅक लावला, चाक उतरवलं. अंबादासने एक पालथा डबा ओढून दोन हातांवर ठेवला आणि बसला. ऊन जांभळातून गळून मानेवर पडत होतं. चंद्रप्रकाशने दोन चहा मागवले. अंबादासने चहा नको म्हटलं. चहा प्यायला की लघवीला जावं लागतं.

"रे, जरा बाजूक सर. उजेड येवक दे."

अंबादास एक वीत सरला.

"मी काय तुझी किडनी काढतंय?"

"बघतोय नुसतं. शिकायला."

"पन्नाशीत शिकतस?"

चंद्रप्रकाशने जुने पॅड काढून त्याच्या पायाशी ठेवले. त्यांच्यावर काळा थर उरलाच नव्हता, लोखंड लोखंडाला लागत होतं. मग त्याने खोक्यातला नवा पॅड घेतला, सरळच धरला, आणि दुसऱ्या हाताने फळीवरचा सॅण्डपेपर ओढला.

"हे काय करतोस?"

"तोंडाक एक हात मारतंय. नव्या पॅडाक मारूचो लागता. पकड येता."

अंबादासच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खूण पुसायचा डाव. ह्याला कुठूनतरी कळलं. आधी पुसणार, मग बदलणार.

"घासायचं नाही."

"अरे, दोन मिनिटांचा काम."

"कंपनीला अक्कल नाही? घासायचं असतं तर घासून दिलं असतं. आहे तसा लाव."

चंद्रप्रकाशने चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. चष्म्याला दोरी बांधलेली होती, ती त्याने मानेमागे नीट केली. "मालक तू. पॅड तुझे. गाडी तुझी." सॅण्डपेपर त्याने फळीवर ठेवला नाही, बाहेर गटाराकडे भिरकावला. तासाभरात चार पॅड बसले, चाकं चढली, बोल्ट आवळले गेले. अंबादासने जुने पॅड पिशवीत भरले.

"मोज," चंद्रप्रकाश म्हणाला.

"चार आहेत."

"नाय, मोज."

अंबादासने मोजले. रिक्षावाला बघत होता.

*

तेरा तारखेला दुपारी विहारापुढे निळ्या पताका लावायचं काम चालू होतं. डांबर इतकं तापलं होतं की चपला उचलताना चपक असा आवाज यायचा. पिकअपमध्ये राबिटच्या वीस गोणी होत्या आणि त्यांच्यावर सोनूबाई, कारण उतरल्यावर त्या खाली करायच्याच होत्या. प्रबुद्ध हातात मोबाइल घेऊन ओट्यावर उभा होता. शिडीवरची पोरं शिडीवरच थांबली.

चंद्रप्रकाश गाडीपुढे चार हातांवर गेला. निळ्या रबरी चपला, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. हात मागे बांधले. "चल," म्हणाला आणि चालायला लागला.

पहिलं वळण सुरळीत गेलं. गाडी गिअरवरच रांगत होती. ब्रेकला नुसता पाय लावला की पुरे. आवाज नव्हता. अंबादासला मनातल्या मनात मधल्या खोक्याचं कौतुक वाटलं.

पाण्याच्या टाकीपाशी उतार एकदम खाली जातो. तिथे त्याने पाय दाबला. पाय गेला, घट्ट लागला, पण गाडीने ऐकलं नाही. मागची चाकं धरून होती, पुढची साबणावर असल्यासारखी पुढेच. त्याने दोन्ही पायांनी दाबलं. खिडकीतून एक वास आत आला, गोडसर, उग्र. अंबादासला तो ओळखीचा वाटला. घरी आरशासमोर येतो तो.

चार हातांचे तीन झाले. अंबादासने हॉर्न दाबला. चंद्रप्रकाशने मागे बघितलं नाही. मुंबईत हॉर्न ऐकून कोण मागे बघतं? आणि तो तर न बघण्यासाठीच चालत होता. त्याची पाठ, शर्टावर घामाचा नकाशा, काचेत मोठी मोठी होत गेली.

"मिस्त्री, बाजूला व्हा," सोनूबाई गोणींवरून म्हणाली. ओरडली नाही. कुकर बंद कर म्हणावं तशी म्हणाली.

चंद्रप्रकाश विचार न करता डावीकडचा उजवीकडे झाला, गटाराच्या कडेवर. एक चपल डांबराला चिकटून मागे राहिली. तिच्यावरून चाक गेलं. अंबादासने हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डावीकडे मारलं, आणि पिकअप टाकीखालच्या राबिटच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून थांबली. तो ढिगारा अंबादासनेच गेल्या महिन्यात तिथे टाकला होता. उचलला नाही म्हणून कमिटीने दोनदा नोटीस लावली होती.

पुढच्या दोन्ही चाकांतून बारीक पांढरा धूर येत होता.

माणसं उतरत आली. अंबादास स्टिअरिंग धरून बसून राहिला. सोनूबाई फाळक्यावरून उतरली, आधी चंद्रप्रकाशकडे गेली, त्याचा कोपर धरून बघितला, आणि मग नवऱ्याकडे आली. "लागलं का?"

त्याने मान हलवली. हो की नाही, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मिस्त्री, काय हे?" प्रबुद्ध म्हणाला. "उद्या इथे पोरं असती."

चंद्रप्रकाशच्या एका पायात चपल, दुसरा पाय तापलेल्या डांबरावर उचलून धरलेला. त्याने शिडीवरच्या पोरांना हाक मारून राबिट बाजूला सारायला लावलं, गाडीतलाच जॅक काढला, तिथेच पुढचं चाक उतरवलं आणि पॅड बाहेर ओढले. पॅडच्या तोंडावर पिवळट, भाजलेली साय चढली होती. त्याने नखाने ती उचलली. नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली.

"ह्यो वास गाडीचो नाय," तो म्हणाला आणि त्याने अंबादासकडे बघितलं.

अंबादासच्या मनात आधी कुर्ल्याचा हर्षद आला. मग मधल्या खोक्याची कंपनी. मग, अगदी थोडा वेळ, असंही आलं, की माधुरीची नेलपॉलिशच बनावट असणार. चांगल्या मालाचा असा धूर निघत नाही.

"डुप्लिकेट माल घातला, दुसरं काय," प्रबुद्ध म्हणाला. मोबाइलवर त्याचा अंगठा चालू होता. "मी ग्रुपवर टाकतो. ह्या गॅरेजमध्ये कुणी गाडी द्यायची नाही. तीस वर्षं लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याचं हे फळ."

चंद्रप्रकाश तरीही बोलला नाही. पॅड कुणी आणले, घासू कुणी दिले नाहीत, यातलं एक वाक्य पुरलं असतं. तो पॅड हातात धरून अंबादासकडे बघत राहिला. कमिशन खाणाऱ्या माणसाने इतकं गप्प का राहावं, याचा अंबादासने सगळ्या बाजूंनी विचार केला. यात त्याचा फायदा कुठे दडला असेल ते शोधलं. सापडला नाही.

"टाकू नको," अंबादास म्हणाला.

"काका, तुम्ही मध्ये पडू नका."

"पॅड मी आणले. त्याच्यावर मी लावलं."

"काय लावलं?"

अंबादासने सोनूबाईकडे बघितलं. ती आधीच कपाळाला हात लावून उभी होती. वास तिलाही ओळखता येत होता.

"नेलपॉलिश."

शिडीवरच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, "कुठला रंग?"

"बिनरंगी," अंबादास म्हणाला. "त्याने पॅड बदलले तर कळावं म्हणून. तो घासायला निघाला होता, मी घासू दिलं नाही."

प्रबुद्धने मोबाइल खिशात टाकला. मग मागून एक जण हसला, मग दुसरा, आणि ते हसू पताका लावल्यासारखं ओळीने वरपर्यंत गेलं. चंद्रप्रकाश हसला नाही.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी तुझा ऐकलंय."

त्याने चाक तसंच बाजूला ठेवलं, मागे डांबराला चिकटलेली चपल ओढून काढली, वळवून बघितली आणि पायातल्या चपलेसकट गटारात टाकली. अनवाणीच उतरायला लागला. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी आठाक ट्रायल. पॅड मी आणतंय, हयच येवन बसवतंय. तू तेवढो वेळ घराक बस. गाडी मी चालवतलंय."

"आणि पुढे?" प्रबुद्धने विचारलं. "पुढे कोण चालणार?"

"संशय कोणाक इलो?" चंद्रप्रकाश म्हणाला.

*

चौदाला सकाळी सगळी टेकडी धुऊन निघाल्यासारखी होती. दारादारांत पांढऱ्या साड्या वाळत होत्या. अंबादास घरात बसला होता. टाकीपाशी पान्याचे आवाज होत होते ते त्याला ऐकू येत होते आणि प्रत्येक आवाजाला त्याचा गुडघा हलत होता.

"नुसतं लांबून बघून येतो."

"बसा," सोनूबाई म्हणाली.

"कुठले आणलेत एवढं तरी विचारतो. साधे, की मधले..."

सोनूबाईने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. माधुरी केस विंचरत म्हणाली, "पप्पा, माझी बाटली आणाल तेव्हा तिरपी धरून बघा."

आठला पाच कमी असताना गाडी वर विहारापाशी आली, तेव्हा तो एक कागदी पुडकं घेऊन गेला. त्यात निळ्या रबरी चपलांचा जोड होता, नऊ नंबर. चंद्रप्रकाशने जोड बाहेर काढला. तळवा दुमडून बघितला, अंगठा नखाने ओरखडला, नाकाशी नेला.

"ओरिजिनल मां?"

अंबादासने मान खाली घातली. चंद्रप्रकाशने चपला पायात घातल्या, एकदा आपटून बघितल्या आणि केबिनमध्ये चढला. मागे कालच्याच वीस गोणी होत्या. कमिटी कालच्याच ओट्यावर होती. विहारापासून खालच्या मेन रोडपर्यंत रस्ता रिकामा ठेवला होता. पायथ्याशी, जांभळाच्या सावलीत, सोनूबाई जाऊन उभी राहिली. दुपारच्या मिरवणुकीची पांढरी साडी तिने आताच नेसली होती.

अंबादास गाडीपुढे चार हातांवर गेला. हात मागे बांधावेत की पुढे, ते त्याला कळेना. शेवटी बाजूला लोंबते सोडले.

इंजिन सुरू झालं. तो चालायला लागला. दहा पावलांवर त्याने मागे बघितलं. गाडी चार हातांवर होती. पंधरा पावलांवर पुन्हा बघितलं. पहिल्या वळणावर तो जवळजवळ उलटाच चालत होता.

गाडी थांबली. चंद्रप्रकाशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तोंड नको दाखव. पाठ दाखव."

वरून कुणीतरी हसलं. अंबादासने पाठ केली. आता त्याला सगळं ऐकू यायला लागलं. टायरखाली फुटणारी खडी. गोणींची घसट. गिअरची धापा टाकल्यासारखी घरघर. टाकी आली. रस्ता पायाखालून खाली गेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे आपला हात पोचत नाही, तिथून घामाचा एक थेंब सरळ कमरेपर्यंत उतरला. मागचा आवाज मोठा झाला की, आपली चाल मंदावली की गाडी जवळ आली, हे त्याला ठरवता येईना. साधे की मधले, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याच्याजवळ खूण नव्हती, पुरावा नव्हता. जुने पॅडसुद्धा अजून हातात मिळाले नव्हते.

मागे बघायचं नव्हतं. पण पुढे सोनूबाई होती. मागे काय चाललंय ते तिला दिसत होतं, म्हणजे ते तिच्या तोंडावर दिसणार. अंबादासने नजर तिच्यावर लावली. भुवया हलतात का, हात तोंडाशी जातो का, पाय पुढे येतो का. उतार संपायला अजून पन्नास पावलं होती, आणि तो बायकोचा चेहरा आरशासारखा वाचत उतरत होता.

सोनूबाईच्या ते लक्षात आलं. तिने पदर सावरला, एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.